अब्बांच्या पाट्या

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही रोज शाळेत जाता. वाटेत दुकाने लागतात. प्रत्येक दुकानावर पाटी असते. ती पाटी तुम्ही वाचता, की नुसती पाहता? हा प्रश्न तुम्हांला विचित्र वाटेल. पाहणे आणि वाचणे यांत असा काय फरक आहे, असे तुम्ही म्हणाल. पण माझ्या लहानपणी आमच्या घरात या दोन गोष्टींमध्ये फार मोठे अंतर होते. ते अंतर कसे कमी झाले, याची हकीकत मी आज तुम्हांला सांगणार आहे.

मी पुसदचा. पुसद हे यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. पूस नदीच्या काठी वसलेले. गावाच्या चारही बाजूंना डोंगर आहेत. आजूबाजूच्या खेड्यांतून आणि तांड्यांवरून लोक बाजाराला येतात. कापसाच्या दिवसांत तर गाड्यांची रांग लागायची. मी तुमच्यासारखाच उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकलो. घरी उर्दू, शाळेत उर्दू आणि बाजारात मराठी, असा आमचा दिवस जात असे.

माझे अब्बा पेंटर होते. घराच्या भिंती रंगवणारे नव्हे, तर दुकानांच्या पाट्या रंगवणारे. आमच्या अंगणात नेहमी पत्रे पडलेले असत. अब्बा आधी पत्रा घासून साफ करत. मग त्यावर पांढरा रंग देत. रंग वाळला, की खडूची पूड लावलेला दोरा ताणून धरायचा. दोऱ्याचे एक टोक अब्बांच्या हातात आणि दुसरे माझ्या हातात. अब्बा मधोमध दोरा उचलून सोडून देत. फट् असा आवाज होई आणि पत्र्यावर सरळ रेघ उमटे. त्या रेघेवर मग अक्षरे उभी राहत. इतकी सुंदर, इतकी सारखी, की छापल्यासारखी वाटत.

पण एक गोष्ट गावात फार थोड्या लोकांना ठाऊक होती. अब्बांना मराठी वाचता येत नव्हते.

ते उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकले होते. उर्दू लिहिता-वाचता येई. मराठी बोलायलाही अगदी साफ येई. बाजारात शेतकऱ्यांशी बोलताना ते अस्सल वऱ्हाडी बोलत. मात्र मराठीची लिपी ते शिकलेच नव्हते. गिऱ्हाईक चिठ्ठीवर मजकूर लिहून देई. अब्बा ती चिठ्ठी समोर ठेवत आणि त्यातली अक्षरे पाहून पाहून मोठी करत. एखाद्याने मोराचे चित्र समोर ठेवून मोर काढावा, तसे.

अक्षरांना त्यांनी आपली नावे ठेवली होती. 'ठ' म्हणजे मडके. 'ळ' म्हणजे चष्मा. 'ह' म्हणजे कंबर वाकवून बसलेली म्हातारी. मला म्हणत, "बेटा, ते मडकं जरा वाकडं झालं का रे?" मी म्हणायचा, "नाही अब्बा, बरोबर आहे."

पाटीवर अक्षरांशेजारी ते चित्रही काढत. बियाण्याच्या दुकानावर फुटलेले कापसाचे बोंड, अवजारांच्या दुकानावर बैलजोडी, चपलांच्या दुकानावर कोल्हापुरी चपला. त्या काळी बाजाराला येणाऱ्या पुष्कळ लोकांना वाचता येत नसे. ते चित्र पाहून दुकान ओळखत. "बोंडवाल्या दुकानातून बियाणं आणलं," असे म्हणत. म्हणजे गंमत पाहा. पाटी काढणाऱ्याला वाचता येत नव्हते आणि पाटी पाहणाऱ्यालाही वाचता येत नव्हते. तरी दोघांचे काम चालत होते. चित्र दोघांनाही समजत होते.

रात्री जेवणे झाली, की अब्बा आम्हां भावंडांना गोष्टी सांगत. अमीर हमजाची दास्तान त्यांना फार आवडे. हमजाचा साथीदार अमर अय्यार आणि त्याची ती जादूची झोळी, झंबील! तिच्यात सगळे जग मावत असे. गोष्ट सांगता सांगता अब्बा खडूने फरशीवर चित्र काढत. देवाचा म्हणजे त्या राक्षसाचा जबडा, किल्ल्याचा बुरूज, उडता घोडा. गोष्ट पुढे गेली, की हाताने पहिले चित्र पुसत आणि त्याच जागी दुसरे काढत. सकाळी अम्मी फरशी पुसून टाकी. चित्रेही जात आणि गोष्टही जाई. रात्री पुन्हा नवी.

मला चित्रकला आवडे, हे तुम्ही ओळखलेच असेल. मात्र मराठीचा तास मला नकोसा वाटे. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहायची आणि मराठी डावीकडून उजवीकडे. त्यातून काही अक्षरे अगदी जुळ्या भावांसारखी. 'ध' आणि 'घ'. 'भ' आणि 'म'. आमचे मराठीचे सर फळ्यावर लिहून सांगत, "नीट पाहा. 'घ'च्या डोक्यावर पूर्ण रेघ असते. 'ध'च्या डोक्यावर डावीकडे रेघ नसते, तिथे लहानशी गाठ असते. 'म' आणि 'भ' यांचेही तसेच." सर हे सांगत होते, तेव्हा मी वहीच्या शेवटच्या पानावर कबुतर काढत होतो.

मी सहावीत असतानाची गोष्ट. दिवाळी जवळ आली होती. एका धान्याच्या दुकानाची मोठी पाटी अब्बांकडे आली. दहा फूट लांबीची. अशी पाटी वर्षातून एखाददुसरीच मिळे. शेटजींनी घाईघाईने चिठ्ठी लिहून दिली होती. घाईत लिहिताना बरेच लोक शब्दांवरची रेघ देतच नाहीत. या चिठ्ठीतही अक्षरांवर रेघ नव्हती. अब्बांनी मात्र आपल्या नेहमीच्या पद्धतीने दोरा ताणला आणि सगळ्या अक्षरांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सुरेख, सरळ रेघ ओढली.

पाटी झाल्यावर त्यांनी मला विचारले, "बेटा, तू शाळेत मराठी शिकतोस. बघ बरं, सगळं ठीक आहे ना?"

मी पाटीकडे एक नजर टाकली. मला खेळायला जायचे होते. "ठीक आहे अब्बा," असे म्हणून मी पळालो.

दुसऱ्या दिवशी पाटी दुकानावर लागली. दुपारी शेटजींचा माणूस अब्बांना बोलवायला आला. मीही मागोमाग गेलो. दुकानासमोर माणसे जमली होती आणि हसत होती. पाटीवर 'धान्य भांडार' असे हवे होते. तेथे मोठ्या लाल अक्षरांत लिहिलेले होते : 'घान्य मांडार'.

एक जण म्हणाला, "इथं धान्य मिळते का घाण मिळते?" सगळे पुन्हा हसले.

शेटजी म्हणाले, "पेंटरचाचा, हे काय लिहून ठेवलं? लोक हसून राहिले ना!"

अब्बा पाटीकडे पाहत उभे राहिले. त्यांना चूक दिसतच नव्हती. कशी दिसणार? त्यांच्या दृष्टीने चित्र अगदी बरोबर होते. ते एवढेच म्हणाले, "उतरवा शेटजी. मी दुरुस्त करून देतो. पैसे नका देऊ." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि मान वळवली.

मित्रांनो, त्या दिवशी अब्बा मला रागावले असते, तर बरे झाले असते. पण ते एक शब्दही बोलले नाहीत. ते रात्री कंदील लावून बसले आणि पत्र्यावरचा रंग खरवडू लागले. तो खरवडण्याचा आवाज मला अंथरुणात ऐकू येत होता. मला झोप लागेना. चिठ्ठीत रेघ नव्हती हे खरे, अब्बांना वाचता येत नव्हते हेही खरे. पण मला तर शिकवले होते ना? सरांनी फळ्यावर लिहून दाखवले होते. अब्बांनी विश्वासाने विचारले होते. आणि मी न पाहताच 'ठीक आहे' म्हणालो होतो.

मी उठलो आणि अब्बांजवळ जाऊन बसलो. ते म्हणाले, "मला तो अक्षर दाखव. बरोबर कसा लिहायचा?" मी खडू घेतला. पण मलाही नक्की सांगता येईना. रेघ कुठे असते आणि कुठे नसते, ते आठवेना. मी पुस्तक आणले. कंदिलाच्या उजेडात आम्ही दोघांनी 'धान्य' हा शब्द शोधला. मग मी फरशीवर 'ध' काढला, शेजारी 'घ' काढला. 'भ' काढला, शेजारी 'म' काढला. अब्बा बराच वेळ पाहत राहिले. मग हसले आणि म्हणाले, "अरे, हा तर आपल्या नुक्त्यासारखाच मामला आहे! नुक्ता वर असला की 'खुदा', खाली गेला की 'जुदा'. इथं रेघ तेच काम करते."

त्या रात्री मला पहिल्यांदा मराठी आपली वाटली.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम झाला. कोणतीही चिठ्ठी आली, की आधी मी ती मोठ्याने वाचायची. अवघड शब्दाचा अर्थ सरांना विचारून अब्बांना सांगायचा. मग ब्रश हातात घ्यायचा. मला शुद्ध वाचावे लागे. कारण माझ्या चुकीचे नुकसान अब्बांना सोसावे लागले असते.

यातून एक गोष्ट घडली. अब्बा ऑटोरिक्षांच्या मागे 'आईचा आशीर्वाद' ही अक्षरे नेहमी काढत आणि शेजारी गुलाबाचे फूल काढत. किती वर्षे काढत होते, कोण जाणे. मी तो मजकूर वाचून दाखवला, तेव्हा ते थांबले. "असं लिहिलेलं असतं होय?" ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी गुलाब काढणे सोडून दिले. त्या जागी ते आशीर्वाद देणारा हात काढू लागले. त्या हातात हिरव्या बांगड्या असत. शब्द कळला आणि चित्र बदलले. असे का झाले असेल, याचा तुम्हीही विचार करा.

मी नववीत गेलो. त्या वर्षी शाळेची सहल अजिंठ्याला निघाली. आमची एस.टी. पहाटे पुसदहून निघाली आणि वाशिम, मेहकर, चिखली, बुलढाणा असे करत गेली. वाशिम आले, तेव्हा सरांनी आम्हांला खिडकीतून बाहेर पाहायला सांगितले. सर म्हणाले, "मुलांनो, आपण ज्या लेण्या पाहायला जात आहोत, त्यांचा आणि या गावाचा फार जुना संबंध आहे. वाशिमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. येथे वाकाटक राजांच्या एका शाखेची राजधानी होती. त्या शाखेचा राजा हरिषेण याच्या काळात, इसवी सनाच्या पाचव्या शतकात, अजिंठ्याच्या कितीतरी लेण्या खोदल्या आणि रंगवल्या गेल्या. सोळाव्या क्रमांकाची लेणी तर त्याचा मंत्री वराहदेव याने करवली. तसा शिलालेखच तेथे आहे."

आम्हांला मोठे नवल वाटले. वाशिम म्हणजे आमच्या शेजारचे गाव. आमचा पुसद तालुका १९०५ पर्यंत वाशिम जिल्ह्यातच होता. ज्या अजिंठ्याचे नाव जगभर आहे, तो आम्हांला एकदम घरचा वाटू लागला.

अजिंठ्याला वाघूर नदी घोड्याच्या नालेसारखे वळण घेते. त्या वळणाच्या कड्यात सुमारे तीस लेण्या आहेत. त्यांतल्या काही इसवी सनापूर्वीच्या आहेत आणि बाकीच्या पाचव्या शतकाच्या आसपासच्या. पुढे शेकडो वर्षे या लेण्यांकडे फारसे कोणी फिरकले नाही. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला असता त्याला त्या दिसल्या, आणि बाहेरच्या जगाला त्यांची माहिती झाली. १९८३ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला.

मी पेंटरचा मुलगा. त्यामुळे सगळे जण मूर्ती पाहत होते, तेव्हा मी भिंत पाहत होतो. भिंतीवर मातीचा गिलावा होता. त्यात भाताचा तूस आणि गवताचे धागे मिसळलेले होते. त्यावर चुन्याचा पातळ थर आणि मग रंग. लाल रंग गेरूचा, पिवळा पिवळ्या मातीचा, काळा काजळीचा. निळा रंग मात्र लाजवर्द दगडाचा. तो दगड दूर अफगाणिस्तानकडून येत असे. अब्बा पत्र्याला आधी पांढरा हात देत, त्याची मला आठवण झाली. कामाची रीत तीच होती.

सतराव्या क्रमांकाच्या लेणीत आम्ही पुष्कळ वेळ थांबलो. येथे जातककथांची चित्रे सर्वांत जास्त आहेत. जातककथा म्हणजे गौतम बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी. वाटाड्याने बॅटरीचा उजेड एका भिंतीवर टाकला. तेथे एक हत्ती होता. थोड्या अंतरावर पुन्हा हत्ती, आणि पुन्हा हत्ती. माझा मित्र म्हणाला, "किती हत्ती आहेत!" सर म्हणाले, "तो एकच हत्ती आहे. गोष्ट पुढे सरकते, तसा तो पुन्हा पुन्हा काढला आहे."

मग सरांनी ती गोष्ट सांगितली. एका वनात एक हत्ती आपल्या आंधळ्या आईला सांभाळत असे. एकदा एक माणूस वनात वाट चुकला. हत्तीने त्याला पाठीवर घेऊन बाहेर पोहोचवले. पण तो माणूस कृतघ्न निघाला. त्याने काशीच्या राजाला हत्तीची जागा सांगितली. राजाच्या माणसांनी हत्तीला पकडून राजवाड्यात आणले. त्याला उत्तम चारा दिला. पण हत्ती अन्नाला सोंड लावीना. राजाने कारण विचारले. हत्ती म्हणाला, "माझी आंधळी आई वनात उपाशी आहे. ती खात नाही, तोवर मी कसा खाऊ?" राजाचे मन द्रवले. त्याने हत्तीला सोडून दिले. हत्ती धावत वनात गेला. त्याने तळ्यातले पाणी सोंडेत घेतले आणि आईच्या अंगावर सोडले. आईला वाटले, अवेळी पाऊस पडतो आहे. मग तिला कळले, की आपला मुलगा परत आला आहे.

सर थांबले. आमच्यापैकी कोणीच बोलले नाही. मी पुन्हा भिंतीकडे पाहिले. मघाशी तेथे नुसते हत्ती होते. आता तेथे एक मुलगा होता आणि एक आई होती. चित्र तेच होते. पण गोष्ट ऐकल्यावर ते मला दिसले.

घरी आल्यावर अब्बांनी विचारले, "काय पाहिलंस?" मी खडू घेतला आणि फरशीवर हत्ती काढत काढत सगळी गोष्ट सांगितली. नेहमी अब्बा सांगत आणि मी ऐके. त्या रात्री मी सांगत होतो आणि अब्बा ऐकत होते. गोष्ट संपली. अम्मीने पदराने डोळे पुसले. अब्बांनी मात्र एक प्रश्न विचारला. ते म्हणाले, "बेटा, ज्या पेंटरांनी ते हत्ती काढले, त्यांना ती गोष्ट कोणी वाचून दाखवली असेल?"

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. दुसऱ्या दिवशी मी तो सरांना विचारला. सर खूश झाले. ते म्हणाले, "फार चांगला प्रश्न आहे. लेण्यांत राहणारे भिक्खू त्या गोष्टी सांगत असतील. त्या गोष्टी ग्रंथांतही लिहिलेल्या होत्या. दुसऱ्या क्रमांकाच्या लेणीत तर आर्यशूर या कवीच्या 'जातकमाला' या ग्रंथातले श्लोक चित्रांजवळ लिहिलेले सापडले आहेत. पुढे लेण्या ओस पडल्या. सांगणारे गेले. नुसती चित्रे उरली. तीही कुठे अर्धी, कुठे झिजलेली. इंग्रजांच्या काळात रॉबर्ट गिल याने कित्येक वर्षे खपून त्यांच्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनला आगीत जळाल्या. नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून नकला करवल्या. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ च्या आगीत गेल्या. मग हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी १९३० पासून अजिंठ्यावर मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले. विद्वानांनी जुने ग्रंथ वाचले आणि भिंतीवरचे चित्र कोणत्या गोष्टीचे आहे, ते ओळखून काढले. लिहिलेली गोष्ट शिल्लक होती, म्हणून ही चित्रे आज आपल्याशी बोलतात."

सर पुढे म्हणाले, "तुझ्या अब्बांना अमीर हमजाची दास्तान आवडते ना? मग त्यांना हेही सांग. अकबर बादशहाने त्या दास्तानीची चित्रे काढून घेतली होती. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या इराणहून आलेल्या चित्रकारांच्या देखरेखीखाली हे काम सुमारे पंधरा वर्षे चालले. कापडावर काढलेली सुमारे १४०० मोठमोठी चित्रे! पुढच्या बाजूला चित्र आणि पाठीमागे गोष्टीचा मजकूर. त्यांतली दोनशेहूनही कमी चित्रे आज जगात शिल्लक आहेत. आणि आपल्या महाराष्ट्रात कोकणात, कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथे ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत. त्यांच्याकडे कागदावरच्या चित्रांच्या पोथ्या असतात. एक एक चित्र समोर धरायचे आणि वाद्यांच्या साथीवर रामायण-महाभारतातली गोष्ट गाऊन सांगायची."

मी घरी जाऊन हे सगळे सांगितले. हमजाच्या चित्रांच्या पाठीवर मजकूर होता, हे ऐकून अब्बा फार खूश झाले. ते म्हणाले, "म्हणजे चित्राच्या पाठीशी गोष्ट उभी होती!" पिंगुळीची माणसे त्यांना आपल्याच बिरादरीची वाटली. तेही फरशीवर हेच करत होते ना!

पिंगुळीची ही कला आजही जिवंत आहे, हे सांगायला मला आनंद वाटतो. तेथील परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे रूपांतर करून २००६ मध्ये या कलेचे लहानसे संग्रहालय उभे केले. २०२१ मध्ये भारत सरकारने त्यांना 'पद्मश्री' देऊन गौरवले.

सहलीनंतर सरांनी निबंध लिहायला सांगितला. माझ्यापुढे कोरा कागद होता. एकही वाक्य सुचेना. मग मी कागदावर सहा चौकोन आखले. पहिल्या चौकोनात हत्ती आणि आई. दुसऱ्यात वाट चुकलेला माणूस. तिसऱ्यात दोर. चौथ्यात चाऱ्याकडे पाठ फिरवलेला हत्ती. पाचव्यात राजा. सहाव्यात तळे. नंतर प्रत्येक चौकोनाखाली मी त्या चित्रात काय घडते आहे, ते मराठीत लिहू लागलो. चित्र समोर असल्यामुळे वाक्ये आपोआप सुचू लागली.

सहाव्या चौकोनाशी मात्र मी अडलो. आईच्या अंगावर पाणी पडते आहे, हे मी काढले होते. पण आईला तो पाऊस वाटतो, हे कसे काढायचे? कितीही रंग वापरले, तरी ते काढता येत नव्हते. ते फक्त लिहिता येत होते. मी खाली लिहिले, 'आईला वाटले, पाऊस आला.' केवळ चार शब्द! पण ते चार शब्द माझ्या चित्राला जमले नव्हते. उलट हत्तीने चाऱ्याकडे कशी पाठ फिरवली, ते मला शब्दांत नीट सांगता येत नव्हते. ते चित्राने एका क्षणात सांगितले होते.

निबंधाला दहापैकी सात गुण मिळाले. सरांनी लाल शाईने पुष्कळ चुका दाखवल्या होत्या. पण 'ध' आणि 'घ' यांची एकही चूक नव्हती. मी तो निबंध अब्बांना वाचून दाखवला. त्यांनी ती वही मागून घेतली आणि चित्रांखालच्या ओळींवरून बोट फिरवले. हळूहळू, एकेक अक्षर जुळवत त्यांनी स्वतः वाचले : "आ...ई...ला." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "रोज फरशीवर गोष्ट काढायचो, बेटा. रोज पुसून जायची. तू कागदावर लिहिलीस. आता ती राहील."

मित्रांनो, या गोष्टीला बरीच वर्षे झाली. नंतर छापील फ्लेक्सच्या पाट्या आल्या. एका तासात पाटी तयार होऊ लागली. अब्बांचे काम कमी होत होत थांबले. आता अब्बाही नाहीत. पुसदच्या बाजारात त्यांच्या हातची एकही पाटी उरलेली नाही. कापसाची ती बोंडे, त्या बैलजोड्या, हिरव्या बांगड्यांचा तो हात, सगळे गेले.

एक पत्रा मात्र माझ्याजवळ आहे. त्या धान्याच्या दुकानावर फ्लेक्स लागले, तेव्हा शेटजींच्या मुलाने जुनी पाटी मला आणून दिली. ती मी घरात ठेवली आहे. वरचा रंग आता जागोजागी उडाला आहे. 'धान्य' या शब्दातल्या 'ध'च्या डोक्यावर, खरवडूनही न गेलेली एक फिकट लाल रेघ दिसते. पाहुणे विचारतात, "हा गंजका पत्रा कशासाठी ठेवला आहे?" नुसता पत्रा पाहून त्यांना काय कळणार? मला त्यांना ही सगळी गोष्ट सांगावी लागते. प्रत्येक वेळी सांगणे शक्य नाही, म्हणून आज मी ती लिहून काढली.

तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल. दादीने भरलेली चादर असेल, एखादा जुना फोटो असेल, भिंतीवर एखादा तुगरा असेल. आज घरी गेल्यावर ती वस्तू नीट पाहा. मग घरातल्या मोठ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, "ही कोणी केली? केव्हा केली?" ते जे सांगतील, ते सहा चौकोनांत काढा. आणि प्रत्येक चौकोनाखाली दोन वाक्ये लिहा. उर्दूत लिहा, मराठीतही लिहा. चुका झाल्या, तर सर दुरुस्त करतील. मात्र उद्यावर टाकू नका. सांगणारी माणसे आहेत, तोवरच हे विचारता येते.

आणि हो, कोणी तुम्हांला कागद दाखवून "बघ बरं, ठीक आहे ना?" असे विचारले, तर खेळायला पळण्याआधी तो कागद एकदा पूर्ण वाचा.